बोर्ड जुना, प्रोसेसर कुठवर?

प्रश्न : माझं घरीच डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. पीसी 2012 साली असेंबल करून घेतलेला. एच61 चिपसेटचा बोर्ड, आय3-2120 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 500 जीबी हार्ड डिस्क, विंडोज 7. अहवालाची मोठी फाइल उघडायला घेतली की तोवर चहा करून होतो. दुकानदार म्हणतो, सगळं भंगारात द्या. भाचा म्हणतो, आय7 टाक. माझ्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक (मशीनला लावायची किल्ली, तिच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही) याच मशीनवर चालतं, त्यामुळे मशीन बदलायचं जिवावर येतं. काय करू? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, दुकानदाराचं ऐकू नका, आणि भाच्याचं अर्धंच ऐका.

तुमच्या बोर्डाचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, 1155. त्यात इंटेलची दुसरी आणि तिसरी पिढी बसते, पुढची नाही. चौथ्या पिढीला 1150 सॉकेट लागतो. म्हणजे आय7-3770 ही तुमची कमाल मर्यादा. त्याच्याच नावापुढे ‘के’ असलेला महाग मिळेल, तो घेऊ नका. एच61 वर ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणं) होत नाही, ‘के’चे पैसे वाया.

पण फाइल उघडताना कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा बघा. तो सतत पेटलेला असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू तीस-चाळीस टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघत बसलाय. त्याच्या जागी आय7 आणून बसवला तरी तोही वाटच बघेल. माझा अंदाज, तुमच्याकडे हेच होत असणार. म्हणून आधी साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. या बोर्डाचे पोर्ट 3 गिगाबिटचे, त्यामुळे एसएसडीचा निम्माच वेग मिळेल, तरीही फरक पहिल्याच दिवशी कळेल. एम.2 वाली पट्टी घेऊ नका, तिला बोर्डावर जागाच नाही.

मग रॅम. स्लॉट दोन, मर्यादा 16 जीबी, तुम्हाला 8 पुरे. डीडीआर3 च्या ज्या 8 जीबी पट्ट्या फारच स्वस्त दिसतात, त्यातल्या बऱ्याच फक्त एएमडी बोर्डांसाठीच्या असतात. तुमच्या मशीनवर त्या लावल्या तर स्क्रीन काळीच राहील. आणि विंडोज 32-बिट असेल तर 4 जीबीच्या वरची रॅम फुकट. 64-बिटवर जायचं तर नवं इन्स्टॉलेशन आलं, आणि तुमच्या त्या लॉकचा 32-बिट ड्रायव्हर तिथे चालणार नाही. सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलंत त्यांना आधी फोन करून 64-बिट ड्रायव्हर आहे का ते विचारा. तो हातात येईपर्यंत रॅमवर एक रुपया घालू नका.

हे सगळं झाल्यावर प्रोसेसर. आय5-3470 घ्या. दोनाचे चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) होतील. एकट्या कोरल ड्रॉत फार मोठी उडी दिसणार नाही, पण शेजारी फोटो एडिटिंग आणि पीडीएफ चालू असताना मशीन अडखळणार नाही. आय7 तुमच्या कामाला गरजेपेक्षा जास्त आहे. स्वस्तात मिळाला तर भाच्याची हौस म्हणून घ्या.

अट एकच, बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर. 2012 च्या बोर्डात तिसऱ्या पिढीची ओळख असेलच असं नाही. बोर्डावर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजन लिहून घ्या, कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्टची यादी बघा. अपडेट लागत असेल तर ते जुना आय3 जागेवर असतानाच करायचं, यूपीएस लावून. नवा आधी बसवला तर मशीन उठणारच नाही, मग अपडेट करणार कशावर? अपडेट मिळालंच नाही तर आय5-2400 बघा, तो दुसऱ्याच पिढीचा आहे. मात्र तो 95 वॉटचा, तुमचा आय3 65 चा. आय3 सोबत आलेला बुटका कूलर त्याला अपुरा पडतो. मधोमध तांब्याचा गाभा असलेला कूलर मागा.

लॅमिंग्टन रोडवरून आणा नाहीतर ऑनलाइन मागवा, हे प्रोसेसर आता वापरलेलेच मिळणार. आय5-3350पी नको, त्यात ग्राफिक्स नाही, म्हणजे स्क्रीनवर काही दिसणार नाही. स्वस्तातला झिऑन ई3-1230 व्ही2 त्याच कारणासाठी नको, तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही. चिपवर मॉडेलऐवजी ‘कॉन्फिडेन्शियल’ कोरलेलं असेल तर तो चाचणीचा नमुना आहे, परत करा.

बसवताना या सॉकेटात पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरच्या पोटाला नुसते सोनेरी ठिपके. पिना केसासारख्या बारीक. टॉर्च तिरपा धरून बघितलं की सगळ्या ओळीनं सारख्या चमकतात. एखादी वेगळी चमकली तर ती वाकली आहे, हात लावू नका, जाणत्याकडे न्या. प्रोसेसर खाचा जुळवून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. जोर फक्त लिव्हरला लागतो, आणि तो बराच लागतो. पहिल्यांदा करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण घाबरू नका.

एवढं करूनही विंडोज 11 अधिकृतपणे येणार नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी लागते. विंडोज 7 चे अपडेट 2020 मध्येच थांबले. हे मशीन डिझाइनला ठेवा, बँकेचे व्यवहार यावर करू नका.

प्रश्न : माझ्याकडे ए320 बोर्डावर रायझेन 3 2200जी आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. रायझेन 5 5600 बसेल का? – एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : बसेल, पण स्क्रीनवर काही दिसणार नाही. 5600 मध्ये ग्राफिक्स नाही. तुला 5600जी हवा. 300 मालिकेच्या बोर्डांना 5000 मालिका एएमडीनं 2022 मध्ये मोकळी केली, तेव्हा तुझ्या बोर्डाचं त्यानंतरचं बायोस शोध. सपोर्टच्या यादीत 5600जी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. कराडच्या ताईंपेक्षा तुझा खर्च जास्त सार्थकी लागेल, कारण 5600जी वर विंडोज 11 अधिकृतपणे चालतं.

एक सांभाळ. तुझ्या बोर्डाच्या एएम4 सॉकेटात पिना प्रोसेसरला असतात. प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असते, आणि कूलर सरळ वर ओढला तर लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो, पिना वाकवून. आधी मशीन थोडा वेळ चालव, पेस्ट गरम होऊ दे. मग बंद करून, प्लग काढून, स्क्रू किंवा क्लिप सोडव आणि कूलर डावीउजवीकडे हळूहळू फिरव. सैल झाला की मगच उचल.