एका 'च'चा त्रास

"मॅडम, मी कामात जरा जास्तच परफेक्ट आहे, म्हणून त्रास होतो." मी समुपदेशक; महिन्यातून तीन-चारदा तरी हे वाक्य कानावर पडतं. असते तक्रारच, पण आवाजात किंचित अभिमानही असतो. त्यातल्याच एकाविषयी लिहिते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

वय ३८. भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळणारे. रात्री अकरापर्यंत लॅपटॉप, पहाटे तीनला जाग, दिवसभर अ‍ॅसिडिटी.

"एक मेल पाठवण्याआधी किती वेळा वाचता?"

"पाच-सहा वेळा."

"सहाव्यांदा वाचताना शेवटची चूक कधी सापडली होती?"

बराच वेळ ते पंख्याकडे बघत राहिले. "एकदा... स्वल्पविराम राहिला होता."

ते बोलत होते तेव्हा मी एकच अक्षर मोजत होते. रिपोर्ट बिनचूकच हवा. साहेबांना पटलाच पाहिजे. माझ्याकडून चूक होताच कामा नये. माणसाच्या त्रासाचं मूळ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ज्या हट्टी 'मस्ट'मध्ये (म्हणजे 'झालंच पाहिजे'मध्ये) शोधलं, तो मराठीत एका 'च'त मावतो. हे मला सुचलं त्याला बरीच वर्षं झाली, तरी अजून त्याचं थोडं कौतुक वाटतं, नाकारत नाही.

गृहपाठ दिला: साहेबांना जाणारा एखादा साधा मेल एकदाच वाचायचा आणि त्यात मुद्दाम एक चूक ठेवून पाठवायचा.

"मुद्दाम? माझी नोकरी घालवता की काय!"

मग एलिसचीच गोष्ट सांगितली. १९ वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची भयंकर भीती वाटे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जाऊन ते शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलले. भेटायला एकच तयार झाली आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली.

पुढच्या वेळी ते आले ते हसतच. "शेवटी 'रिगार्ड्स'मधली दोन अक्षरं उलटी टाकली. तासाभरात चाळीसदा फोन बघितला. साहेबांचं उत्तर आलं, 'ओके'."

इथवर मला अपेक्षित होतं. पुढचं नव्हतं. ही फजिती त्यांनी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितली. तीन दिवसांनी एक तरुण ऑपरेटर केबिनच्या दारात उभा. "साहेब, मागच्या आठवड्यात माझ्या हातून गेज पडला होता. तोच वापरतोय." (गेज म्हणजे मालाचं माप तपासायचं उपकरण; पडलं की माप चुकू शकतं.)

"मॅडम, आधी डोकंच फिरलं," ते म्हणाले. "मग लक्षात आलं, इतक्या वर्षांत असं सांगायला माझ्याकडे कोणी आलंच नव्हतं. पडत तर असणारच की!"

मी गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये. चूक अजिबात खपवून न घेणाऱ्याच्या हाताखाली चुका कमी होत नाहीत, त्या लपतात. आणि कळतात तेव्हा माल ग्राहकाच्या दारात पोचलेला असतो. हे त्यांना मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि रात्री पुन्हा सहा वेळा मेल वाचला असता.

आता कोणी म्हणेल, मग काय, गबाळेपणा करायचा? नाही. गेजचं माप, औषधाचा डोस, बँकेचा खाते क्रमांक, हे तपासायचंच (हा 'च' राहू दे). पण ते दुसऱ्याच्या नजरेखालून घाला. आपल्याच सहाव्या वाचनापेक्षा दुसऱ्याचं पहिलं वाचन बरं. बाकी ठिकाणी 'चुकताच कामा नये'च्या जागी 'चुकू नये असं मला वाटतं' एवढं म्हणून बघा. मेहनत तीच राहते, छातीवरचा दगड हलतो. मात्र कुलूप, गॅस, हात धुणं यांच्या तपासणीतच दिवसाचे तास जात असतील तर असले प्रयोग घरी करू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

शेवटच्या भेटीला त्यांच्या पत्नी बरोबर होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कारखान्यातला गेला असेल हो यांचा 'च'. मुलाच्या गृहपाठाच्या वहीवर अजून तसाच आहे."

त्यांनी मान खाली घातली. मी डायरी उघडून पुढची तारीख दिली.