दात चांगले, तरी जबडा दुखतो

प्रश्न : दोन महिन्यांपासून सकाळी जबडा आखडलेला असतो, कानशिलं ठणकतात आणि उजवीकडची वरची दाढ दुखते. एक्स-रे काढला, तर कीड नाही. मग दुखतंय काय?

उत्तर : बहुधा स्नायू. घरी तपासता येतं. गालाचं हाड आणि जबड्याचा कोन यांच्यामध्ये बोटं ठेवून दाढा आवळा. बोटांखाली टणक फुगवटा येतो, तो चावण्याचा मुख्य स्नायू, मॅसेटर. आता दात सुटे करून तिथेच दोन बोटांनी दाबा. तुमची रोजची ओळखीची कळ उठली, दाढेत किंवा कानात गेली, तर दुखण्याचं मूळ तिथे असण्याची शक्यता जास्त. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस स्नायूही वरच्या दातांत वेदना पाठवतो. म्हणूनच दातात कीड, तडा किंवा मुळाशी सूज असं ठोस कारण सापडल्याशिवाय रूट कॅनॉलला होकार देऊ नका.

दोष बहुतेक वेळा रात्री दात खाण्यावर जातो, पण दिवसाची सवय तितकीच महत्त्वाची असते. दात एकमेकांना लागायचे ते घास चावताना आणि गिळताना, एरवी नाही. स्क्रीनसमोर, गाडी चालवताना, जड काही उचलताना आपण ते नकळत जुळवून धरतो. जोर लावलेला नसला, नुसते टेकलेले असले, तरी स्नायूला विश्रांती मिळत नाही. विश्रांतीची स्थिती अशी: ओठ मिटलेले, दातांत 2 ते 4 मिलिमीटर फट, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे हिरडीला हलकं टेकलेलं. स्क्रीनच्या कोपऱ्यावर, फोनवर, दिव्याच्या बटणाजवळ रंगीत टिकल्या चिकटवा. टिकली दिसली की दात कुठे आहेत ते बघा आणि सोडा. हे काही आठवडे चिकाटीने करावं लागतं. बाकीचे उपाय याच्या जोडीला आहेत, याच्याऐवजी नाहीत.

शेकायला कोमट ओला टॉवेल घ्या, 15 ते 20 मिनिटं, दिवसातून दोनदा. दोन आठवडे मऊ खा, घास लहान घ्या, च्युइंगगम पूर्ण बंद. जबडा अजिबात हलवायचाच नाही, असं मात्र करू नका, त्याने तो आणखी आखडतो.

प्रश्न : गालाला रोज जोरात मसाज करते. नंतर जास्तच दुखतं. चुकतंय कुठे?

उत्तर : जोरातच चुकतंय. दुखऱ्या स्नायूवर रगडलं की तो आणखी आवळतो. आधी शेका. मग दात सुटे ठेवून दुखऱ्या ठिकाणी दोन बोटं टेकवा आणि दहापैकी तीन-चार इतपतच दुखेल एवढा दाब 10 सेकंद धरा. असं पाच वेळा. घासायचं नाही, दाबून धरायचं. त्यानंतर जीभ टाळूला लावा आणि ती सुटणार नाही इतकंच तोंड हळू उघडा-मिटा, सहा वेळा. दिवसात हे पाच-सहा वेळा करता येतं. व्यायामानंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ दुखत राहिलं तर दाब आणि फेऱ्या दोन्ही निम्म्यावर आणा. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे जबडा फार उघडणार नाही. तोंड किती उघडतं याची प्रगती मोजायची तर वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये स्वतःची बोटं एकाखाली एक धरून पाहा. निरोगी तोंडात साधारण तीन मावतात.

प्रश्न : दुकानात मिळणारा मऊ नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कवच, चालेल का?

उत्तर : गार्ड दातांची झीज वाचवतो, आवळणं थांबवेलच असं नाही. मऊ गार्ड काही जण चघळत राहतात आणि दुखणं वाढतं. फक्त पुढच्या दातांवर बसणारा गार्ड बराच काळ लावल्यास मागचे दात सरकून चावा बिघडू शकतो. दंतवैद्याने माप घेऊन बनवलेला, सगळ्या दातांवर बसणारा कडक अॅक्रिलिकचा गार्ड जास्त भरवशाचा. रात्री दात खाणं नैराश्यावरच्या एखाद्या गोळीनंतर सुरू झालं असेल तर ते डॉक्टरांना सांगा, गोळी स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : डॉक्टरकडे लगेच कधी जावं?

उत्तर : तोंड अचानक उघडेनासं झालं, ताप किंवा सूज आली, जबडा अडकून बसला तर. वय पन्नाशीपुढे असेल आणि चावताना जबडा दुखण्यासोबत नवी डोकेदुखी, डोक्याला हात लावताच दुखणं किंवा अंधुक दिसणं असेल, तर त्याच दिवशी जा. तो धमन्यांचा दाह असू शकतो, त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो. जिना चढताना जबडा दुखून थांबल्यावर शमत असेल, तर आधी हृदय तपासून घ्या. विश्रांतीतही दुखत राहिलं, घाम फुटला किंवा छाती भरून आली, तर वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठा.