प्लेअरमध्ये काय भरावे आणि ते गावाकडून कसे मागवावे

मेलबर्नजवळ राहणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे की, सात वर्षांच्या मुलासाठी त्यांनी एक छोटा एमपी-थ्री प्लेअर घेतला, त्यात मराठी गाणी आणि गोष्टी भरून दिल्या, आठवडाभर त्याने त्या ऐकल्याही. पण आता प्लेअर ड्रॉवरमध्ये पडून आहे. तेव्हा यंत्र बदलावे, की मुलाला रोज अर्धा तास ऐकायला बसवावे? त्यांचे माहेर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात असून आईवडील अजून तिथेच शेती करतात. मी याच भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवत आलो आणि माझी नातवंडेही दूर देशी वाढत आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला माझ्याच घरातला वाटला.

ताई, यंत्र बदलू नका आणि मुलाला सक्तीही करू नका. प्लेअरमध्ये जे भरले आहे ते बदला. स्टुडिओत गायलेली गाणी कितीही सुरेख असली, तरी त्यांतला आवाज तुमच्या मुलाच्या ओळखीचा नाही, आणि ज्या माणसाशी आपले काही नाते नाही त्याचे बोलणे, तेही अर्धवट समजणाऱ्या भाषेत, सात वर्षांचे मूल किती दिवस ऐकेल? त्या प्लेअरमध्ये त्याच्या आजीचा आणि आबाजींचा आवाज हवा.

व्हिडिओ कॉल असताना हे कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण घड्याळाकडे पाहा. मेलबर्नचे घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास असते, आणि तिकडच्या उन्हाळ्यात साडेपाच. मुलगा शाळेतून घरी येतो तेव्हा इकडे आबाजी वावरात असतात. आबाजी दिवेलागणीला घरी येऊन हातपाय धुतात तेव्हा मुलगा झोपलेला असतो. उरतो तो रविवार. त्या दिवशी रेंज मिळालीच, तर ‘जेवलास का, शाळेत जातोस का’ एवढ्यावर बोलणे संपते, कारण कॅमेऱ्यासमोर मूल बुजते आणि म्हाताऱ्या माणसालाही काही सुचत नाही. रेकॉर्डिंगचे तसे नाही. आजी तिच्या सवडीने, दुपारच्या निवांत वेळी बोलेल आणि नातू ते आपल्या वेळेला, हवे तर दहा वेळा ऐकेल. भाषा कानात मुरते ती या दहा वेळांमुळे.

यंत्राविषयी थोडक्यात सांगतो. २००१ साली ॲपलचा आयपॉड आला आणि २०२२ मध्ये त्याचे शेवटचे मॉडेलही बंद झाले, म्हणून हा प्रकारच संपला असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात बटणे आणि मेमरी कार्ड असलेले साधे प्लेअर आजही सहज मिळतात. जुना मोबाइल वापरू नका, कारण त्यात गोष्टीच्या शेजारीच खेळ आणि व्हिडिओ असतात. महागड्या क्षमतेचीही गरज नाही. बोलण्याचा आवाज एका चॅनेलवर ६४ केबीपीएस दराने साठवला, तर तासाला सुमारे २९ एमबी लागतात. म्हणजे ४ जीबीच्या कार्डावर १३० तासांहून अधिक बोलणे मावते, आणि तेवढे तर आजीआबाजी वर्षभरातही बोलणार नाहीत.

खरी मेहनत आहे ती रेकॉर्डिंगची. ती गावाकडे व्हायची असल्यामुळे तिथल्या एखाद्या भाच्याला किंवा शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला नीट समजावून सांगा. टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो, म्हणून ज्या खोलीत गाद्या-गोधड्यांची चळत असते ती खोली निवडावी. पंखा बंद करावा. उन्हाळ्यात हे कठीण आहे, पण चार मिनिटे सोसता येतात. मोबाइल विमान मोडवर टाकून दुमडलेल्या कापडावर ठेवावा, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला. अगदी समोर धरला तर ‘फ’ आणि ‘भ’ म्हणताना श्वासाचा धक्का नोंदला जातो. बैलाच्या घुंगरांचा किंवा अंगणातल्या कोंबडीचा आवाज मध्येच आला, तर तो मात्र काढून टाकू नये.

एक रेकॉर्डिंग तीन-चार मिनिटांचे असावे, आणि हे मी अनुभवाने सांगतो आहे. मी पहिल्यांदा नातीसाठी गावाच्या साऱ्या सणांची माहिती चाळीस मिनिटे सलग बोलून पाठवली होती, आणि तिने ती पाच मिनिटेही ऐकली नाही. त्याच महिन्यात तिच्या आजीने गोवऱ्यांवर रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, कसे भाजतात ते तीन मिनिटांत सांगितले. ते तिने इतक्यांदा ऐकले की, पुढच्या फोनवर तिने आजीला ‘राखेतून काढल्यावर हात भाजत नाही का’ असे स्वतःहून विचारले. मी शिकवत होतो. आजी फक्त आपल्या हातचे काम सांगत होती.

म्हणून आजीला ‘मराठी शिकव’ म्हणू नका, तिला विषय द्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून त्यांना ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे सांगतात, ते आबाजींनी त्याच संध्याकाळी गोठ्यात उभे राहून नोंदवावे. पोळ्यात म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी, त्यांना पाठ असतीलच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि पोरे लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात. तुमच्या मुलाला कदाचित हेच सर्वांत जवळचे वाटेल. कापूस वेचणी सुरू करताना सीतादहीची पूजा का करतात, वखर आणि डवरा या अवजारांत फरक काय, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोणती झाडे आहेत, हे प्रत्येकी एकेक रेकॉर्डिंग आहे.

भुलाबाईच्या गाण्यांचा तर वेगळाच उपयोग होतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर ही गाणी म्हणतात आणि शेवटी झाकून ठेवलेला खाऊ ओळखायचा असतो. आजीने गाणे म्हणून झाल्यावर खाऊची एकेक खूण सांगावी, गोल आहे, गोड आहे, त्यात तीळ आहेत, आणि प्रत्येक खुणेनंतर दहा सेकंद गप्प राहावे. त्या शांततेत मूल आपोआप मराठीत उत्तर देऊ लागते. शक्य असेल तर तोच खाऊ तुम्ही त्या दिवशी घरी करा.

ताईंनी पत्राच्या शेवटी संकोचाने लिहिले आहे की, आईची बोली वऱ्हाडी आहे, ती ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते. मुलाने तेच उचलले तर मराठी शाळेत त्याला चूक म्हणतील. ताई, हा संकोच मनातून काढून टाका. आईला ‘शुद्ध बोल’ असे सांगितलेत, तर ती वाचून दाखवल्यासारखी बोलेल आणि तिचा आवाज तिचा राहणार नाही. मुलाला एवढेच सांगा की, आजीच्या गावात ‘डोया’ म्हणतात आणि पुस्तकात ‘डोळा’ लिहितात. दोन भाषा सांभाळणाऱ्या मुलाला हा फरक अवघड नसतो. प्रमाण उच्चारांसाठी वेगळा फोल्डर करा. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांतला एकेक पाठ तुम्ही स्वतः सावकाश वाचून नोंदवा आणि मुलाला पानावर बोट ठेवून ऐकू द्या. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ वेगळा आहे, पण लिपीत तो सारखाच दिसतो, त्यामुळे हा फरक केवळ वाचून कधीच कळणार नाही, तो कानानेच शिकावा लागतो.

फाइलच्या बाबतीत दोन अडचणी हमखास येतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेला आवाजी संदेश ओपस प्रकारात साठवला जातो आणि अनेक छोट्या प्लेअरवर तो वाजत नाही; संगणकावर व्हीएलसीसारख्या मोफत प्रोग्रामने त्याचे एमपी-थ्रीत रूपांतर करून घ्यावे. दुसरे म्हणजे, बरेच प्लेअर नावाच्या क्रमाने फाइल वाजवतात, म्हणून नावाआधी 01, 02 असे दोन अंकी आकडे इंग्रजी अंकांत घालावेत, नाहीतर दहावी गोष्ट दुसरीच्या आधी लागते. देवनागरी नावे साध्या पडद्यावर चौकोनासारखी दिसू शकतात, हेही लक्षात असू द्या.

ऐकण्याची वेळ ठरवाल तर ती एखाद्या कामाला जोडा: गाडीतला प्रवास, भांडी पुसणे, झोपण्यापूर्वीची दहा मिनिटे. एका वेळी चार-पाचच रेकॉर्डिंग ठेवा आणि दोन आठवड्यांनी बदला. प्रत्येक नवे रेकॉर्डिंग पहिल्यांदा मुलाजवळ बसून तुम्हीही ऐका, कारण ‘धुरा’ म्हणजे काय हे त्याला विचारायचे असेल तर विचारायला कोणी तरी हवे. घरात इअरफोनपेक्षा छोटा स्पीकर बरा. इअरफोन लावायचाच असेल, तर आवाजाची मर्यादा आधीच ठरवून टाका; जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लहान मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित धरला जातो, आणि आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात.

आणि आबाजींना उत्तर पाठवायला विसरू नका. प्लेअरमध्ये रेकॉर्डिंगची सोय असेल तर त्यात, नाहीतर तुमच्या मोबाइलवर, मुलाला दोन मिनिटे बोलू द्या. मध्ये इंग्रजी शब्द आले तरी अडवू नका. मात्र ते संध्याकाळी पाठवू नका. मेलबर्नला सकाळी साडेदहाला, तिकडच्या उन्हाळ्यात साडेअकराला, पाठवलेत, तर इकडे साधारण सहा वाजलेले असतील, आबाजी चहा घेऊन वावरात निघण्याच्या तयारीत असतील, आणि गावात रेंजही बहुधा त्याच वेळी बरी असते.