'अभयारण्य' आणि कौटिल्याचं 'अभयवन'

'अभयारण्य' हा शब्द सरकारी भाषांतरातून आला की त्याला जुना आधार आहे, असा प्रश्न आहे.

आधार आहे, आणि भक्कम आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' या राज्यकारभारावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात (भागात) सूनाध्यक्षावर एक छोटं प्रकरण आहे. सूना म्हणजे खाटीकखाना. त्याच्या आरंभीच शब्द येतात 'प्रदिष्टाभयानामभयवनवासिनां च'. ज्यांना अभय जाहीर झालंय असे, आणि अभयवनात राहणारे, अशा पशू-पक्षी-माशांना पकडलं, मारलं किंवा इजा केली तर उत्तम, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचा दंड, ५०० ते १००० पण (त्या काळचं नाणं). हाच गुन्हा कुटुंबवत्सल गृहस्थाने केला तर मध्यम दंड, २०० ते ५०० पण.

त्या वाक्यातला 'च', म्हणजे संस्कृतातला 'आणि', नीट पाहा. काही जिवांना जातीमुळे अभय, काहींना जागेमुळे. आपल्या १९७२च्या वन्यजीव कायद्यातही प्राण्यांच्या अनुसूची वेगळ्या आणि अभयारण्याच्या हद्दी वेगळ्या, ते याच धाटणीचं. म्हणून 'अभयारण्य' हा शब्द मला अगदी चपखल वाटतो. 'अभय' म्हणजे नुसती दया नाही. ते राजाने जाहीर करायचं आणि मोडणाऱ्याला दंड भरायला लावायचा.

मात्र 'मौर्यांना पर्यावरणशास्त्र कळत होतं' असं यावरून म्हणू नये. एक तर अर्थशास्त्राचा आजचा पाठ मौर्यांनंतर घडला असं बरेच अभ्यासक मानतात. शिवाय क्रौंच, हंस, चक्रवाक, चकोर, मोर, पोपट, मैना यांना राखायचं ते विहारपक्षी (मनोरंजनाचे पक्षी) आणि मंगल प्राणी म्हणून. हत्तीवनात हत्ती मारणाऱ्याला देहदंड आहे, कारण सैन्याची भिस्त हत्तींवर.

मौर्यांचा अस्सल पुरावा हवा तर अशोकाचा पाचवा स्तंभलेख वाचावा. दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यातल्या स्तंभावर तो आहे. राज्याभिषेकाला २६ वर्षं झाल्यावर त्याने अवध्य जीव नावानिशी कोरवले: सुके, सालिका, चकवाके, हंसे, जतूका. पोपट, मैना, चक्रवाक, हंस दोन्ही याद्यांत आहेत. जतूका म्हणजे वटवाघूळ मात्र अशोकाचंच, आणि ते मंगल म्हणून यादीत आलं असेल असं वाटत नाही. जीव असलेलं तूस जाळू नये, विनाकारण रान पेटवू नये, हेही तिथेच आहे.

सूनाध्यक्षाच्या प्रकरणाचा शेवटचा श्लोकही सांगायला हवा: अभयात वावरणारं जनावर दुष्ट निघालं, तर त्याला राखीव जागेबाहेर नेऊन मारावं किंवा जेरबंद करावं.