ग्लुटेनविरहित पिझ्झा: कडा फुटतात, मध्यभाग कच्चा राहतो

प्रश्न: माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आजाराचे (यात गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते) निदान झाल्यापासून तिच्या आहारातून गहू पूर्णपणे बंद केला आहे. तिच्यासाठी ग्लुटेनविरहित पिझ्झा बेसचे तयार मिश्रण आणले आणि पोळीच्या कणकेसारखे मळून लाटले; परंतु कडा फुटल्या आणि भाजल्यावर मध्यभाग चिकट राहिला. यात गिरणीतून दळून आणलेले ज्वारीचे पीठ मिसळले तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ बहुधा एकच आहे: हे पीठ गव्हाचे आहे असे समजून आपण ते हाताळले. गव्हाच्या पिठात पाणी पडले की ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते आणि मळल्याने ते बळकट होते. तयार मिश्रणात सहसा तांदळाचे पीठ, टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च आणि बांधणीसाठी झँथन गम किंवा इसबगोल असते. त्यांना मळण्याची नव्हे, तर भरपूर पाण्याची आणि ते शोषून घेण्यासाठी वेळेची गरज असते. म्हणून पाकिटावर सांगितलेले पाणी मोजूनच घालावे आणि पीठ सैल वाटले तरी वरून कोरडे पीठ टाकण्याचा मोह टाळावा. पंधरा-वीस मिनिटांत ते आपोआप घट्ट होते. मिश्रणात यीस्ट असेल तर पाणी हाताला जेमतेम कोमट लागेल इतकेच असावे.

लाटणे बाजूला ठेवून, तेल लावलेल्या बेकिंग पेपरवर ओल्या हाताने थालीपीठ थापतो तसे हे पीठ थापावे. मध्यभाग कडांपेक्षा पातळ ठेवावा. यीस्टच्या पिठाला थापल्यानंतर अर्धा तास झाकून फुगू द्यावे; ते एकदाच फुगवणे पुरेसे आहे.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मध्यभाग कच्चा राहतो तो प्रामुख्याने त्यामुळेच. 220 अंश सेल्सिअसला नीट तापलेल्या ओव्हनमध्ये बेस आधी नुसताच आठ-दहा मिनिटे, म्हणजे वरचा भाग हाताला कोरडा लागेपर्यंत भाजावा आणि मगच आटवलेला सॉस, भाज्या व चीज घालून पुन्हा भाजावे. पातळ सॉस कच्च्या पिठावर पसरला, तर त्यातील पाणी खाली मुरते आणि नंतर कितीही वेळ भाजले तरी तो चिकटपणा जात नाही. पिझ्झा तयार झाल्यावर जाळीवर पाचेक मिनिटे ठेवून मग कापावा.

ज्वारीत स्वतःचे ग्लुटेन नसते आणि मिश्रणाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत तिचे पीठ घातल्यास चवही छान येते, मात्र पाणी थोडे वाढवावे लागते. परंतु गिरणीतील पीठ मुलीसाठी कृपया वापरू नका. ज्या जात्यावर दिवसभर गहू दळला जातो, त्यावर दळलेल्या ज्वारीत गव्हाचा अंश उतरतोच, आणि भारतात ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात ग्लुटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये इतका हा नियम काटेकोर आहे. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळावी. गव्हाच्या पिठाची चाळणी तिच्यासाठी वापरू नये, वेगळीच ठेवावी. सॉसला हिंगाची फोडणी देत असाल तर डबीवरील घटक अवश्य वाचा, कारण बाजारातील बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते.