रोलर फिरवून मांडी काळीनिळी, गुडघा तसाच

प्रश्न : वय ४६, हायस्कूलवर शिक्षक आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटात सराव करतो. चढताना काही होत नाही, उतरताना मात्र उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला टोचून दुखतं. ग्रुपमधले म्हणाले, आयटी बँड आखडलाय, रोलर फिरवा. काटेरी फोम रोलर (स्नायू दाबायचा फोमचा दंडगोल) मागवला, रोज रात्री मांडीच्या कडेला फिरवतो. मांडीवर काळेनिळे डाग पडले, गुडघा तसाच. अजून जोर लावू का?
— एक शिक्षक, सातारा

उत्तर : सर, तो काटेरी रोलर आधी माळ्यावर टाका.

आयटी बँड हा स्नायू नव्हे. कमरेच्या हाडापासून मांडीच्या कडेनं गुडघ्याखाली उतरणारा तो फॅशियाचा, म्हणजे स्नायूंवरच्या चिवट आवरणाचा, जाड पट्टा आहे आणि रोलरनं तो सैल होत नाही. २००८ साली काही संशोधकांनी याचं गणित मांडलं होतं. मांडीचं हे आवरण जेमतेम १ टक्का दबायला सुमारे ९००० न्यूटन, म्हणजे ९०० किलोंहून जास्त भार लागेल असं उत्तर आलं. तुमचं वजन किती?

तरी रोलरनंतर मोकळं वाटतं, ते खोटं नाही. दाबामुळे मज्जासंस्था त्या जागी थोडा जास्त ताण सहन करू देते. सांधा जरा जास्त वळतो, दुखणं कमी जाणवतं, आणि थोड्या वेळानं ते ओसरतं. 'गाठी फुटल्या' वगैरे जिममधल्या गप्पा.

तुमच्या वर्णनावरून दुखणं पट्ट्याचंच वाटतं. गुडघा साधारण ३० अंशांत वाकला की पट्टा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर दाबला जातो. उतारावर पाय टेकताना गुडघा त्याच कोनाच्या आसपास राहतो, म्हणून पट्ट्याखालचा मऊ भाग चिडतो. दिवसा घाट त्याला चिडवतो, रात्री तुम्ही.

दोन-तीन आठवडे घाट फक्त चढा, खाली कुणाच्या तरी गाडीवर या. गुळगुळीत रोलर घ्या आणि तो कुल्ल्याच्या व मांडीच्या पुढच्या स्नायूंवर फिरवा. एका जागी मिनिटभर, सावकाश; श्वास रोखावा लागला तर जोर जास्त झाला. खरं काम मात्र कुल्ल्याच्या ताकदीचं आहे. डाव्या कुशीवर झोपा, उजवा पाय सरळ आणि किंचित मागे ठेवून वर उचला. १२ ते १५ वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. हे सोपं वाटायला लागलं की आरशासमोर पायरीवर उजव्या पायावर उभं राहून डावा पाय हळूहळू खाली टेकवा. उजवा गुडघा आत झुकू देऊ नका. शर्यतीत परतीला तोच घाट उतरायचाय, तेव्हा पावलं छोटी टाका. गुडघा सुजला किंवा अडकायला लागला, तर सराव थांबवून दाखवून घ्या.

प्रश्न : माझा रोलर पाहून ७२ वर्षांच्या सासूबाई पोटरीवर लाटणं फिरवतात. त्यांच्या शिरा फुगलेल्या आहेत, रक्त पातळ करण्याची गोळीही चालू आहे. चालेल का?
— एक वाचक, वाई

उत्तर : नाही. त्या गोळीवर असताना थोड्या दाबानंही आत रक्त साकळतं आणि फुगलेल्या शिरांवर तर काहीच दाबायचं नाही. पोटरी आखडत असेल तर भिंतीला हात टेकून, टाच न उचलता अर्धा मिनिट ताण द्यायला सांगा. एकच पोटरी अचानक सुजली, दुखली, गरम लागली, तर तिथे चोळूही नका. शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.