विनोद लिहून पोट भरतं का?

प्रश्न : माझी मुलगी आरमोरीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गॅदरिंगची नाटुकली तीच लिहिते आणि लोक पोट धरून हसतात. आता तिला रेडिओ, टीव्ही, सिनेमासाठी विनोदी लिहायचं आहे. कॉलेज सोडून मुंबईला जाते म्हणते. घरी थोडी धानाची शेती आहे. मी म्हणतो, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) कर. काय करावं?
– एक पालक, जि. गडचिरोली

उत्तर : भाऊ, कॉलेज सोडायचं नाही, यात मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे. पण हे लिखाण म्हणजे नुसता नाद, असं तुमच्या पत्रात जाणवतं, ते मला पटत नाही.

आधी पैशाचं. या कामात पगार क्वचितच असतो. टीव्हीवर बहुतेकदा एपिसोडमागे मानधन ठरतं. सिनेमात करार, पहिला खर्डा, शेवटचा खर्डा असे हप्ते पडतात आणि ते पुष्कळदा उशिरा येतात. कार्यक्रम बंद झाला की काम थांबलं. खासगी एफएमवर नोकऱ्या असतात, पण थोड्या आणि मोठ्या शहरांत. म्हणजे सुरुवातीची काही वर्षं दुसरं उत्पन्न लागणारच. त्यासाठी पदवी हवी. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेतल्या पटकथालेखनाच्या अभ्यासक्रमालाही पदवी लागते. डी.एल.एड.चं म्हणाल तर पुढे टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग सरकारच्या पवित्र पोर्टलवरची शिक्षकभरती. तीही वाट आता हमखास राहिलेली नाही. मन नसताना पोरीला तिकडे ढकलू नका.

आता मुंबईचं. ही विद्या शिकायला तिनं आज तिकडे जायची गरजच नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटक मंडळ्यांचं वडसा तुमच्या शेजारी आहे! दिवाळीनंतर होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं रात्ररात्र चालतात, मंडईच्या जत्रेच्या आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावी माणूस तिकीट काढून बसतो. कुरखेड्याकडचे परशुराम खुणे याच रंगभूमीवर विनोदी भूमिका करत मोठे झाले आणि 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिला सांगा, या हंगामात नाटक लेखकाच्या डोळ्यांनी बघ. पहाटे तीनला पेंगणारं पब्लिक कोणत्या वाक्याला जागं होतं, कोणतं वाक्य नटानं घाईत खाल्लं, हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य आलं म्हणून कुठे वाया गेलं, हे वहीत उतरवायचं. एकच नाटक दोन गावांत बघायचं. एका गावी पडलेला हशा दुसऱ्या गावी का पडला नाही, याचं उत्तर शोधताना ती जे शिकेल ते कुठल्या वर्गात मिळणं अवघड आहे. रात्रीचं जाणं आहे, म्हणून तुम्ही किंवा तिची आई सोबत जा. लेक काय करू पाहते, तेही तुम्हाला जवळून दिसेल.

दुसरं, विद्यापीठाचा युवा महोत्सव. तिथल्या प्रहसनाला साधारण दहा मिनिटं आणि सहा कलाकार मिळतात. टीव्हीवरचं स्किटही असंच बांधेसूद लागतं : पहिल्या मिनिटाला माणसं कळली पाहिजेत आणि अडचण वाढत गेली पाहिजे. तिथे लेखक एकटा नसतो. कल्पना मंजूर होते, वाचन होतं, तालमीत नट वाक्यं बदलतात, रात्रीतून पुन्हा लिहावं लागतं. आपलं आवडतं वाक्य काढलं गेलं की रुसणाऱ्याचा तिथे निभाव लागत नाही. रेडिओसाठी मात्र वेगळा हात लागतो, कारण पडणं, तोंड वाकडं करणं, वेश काहीच कामाला येत नाही. सगळं आवाजात आणि शब्दांत आणावं लागतं. आकाशवाणीच्या चंद्रपूर किंवा नागपूर केंद्राकडे छोटी श्रुतिका पाठवून बघावी.

एक गोष्ट मी कळकळीनं सांगतो. झाडीबोलीत बोलणारा माणूस बोलतो म्हणूनच हास्यास्पद, असं तिनं कधी लिहू नये. टीव्हीवर आपल्याकडची भाषा पुष्कळदा तेवढ्यापुरतीच वापरली जाते. तिची पात्रं त्या भाषेत हुशार, लबाड, प्रेमळ सगळी असू देत. धानखरेदी केंद्रावरची रांग, बारदाना संपल्याचं उत्तर, एसटीतली भांडणं हा माल मुंबईच्या लेखकाकडे नाही.

आणि संहिता कुणालाही देण्याआधी नोंदवावी. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद झालं की ते ऑनलाइन होतं. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं लेखकाचा रॉयल्टीचा हक्क राखला आहे, म्हणून करार वाचल्याशिवाय सही नको.

तिचं एखादं प्रहसन मला पाठवा. वाचून स्पष्ट मत कळवतो.